कॉलेज आणि गेमिंग, दोन्हींसाठी एकच लॅपटॉप: स्टिकरच्या आत काय बघायचं

जुलै-ऑगस्टमध्ये कॅप राउंडच्या याद्या लागायला लागल्या की घराघरांत एकच चर्चा सुरू होते: लॅपटॉप कोणता घ्यायचा? मुलांना त्यावर व्हॅलोरंट आणि जीटीए चालायला हवं असतं, आईवडिलांना तो चार वर्षं टिकायला हवा असतो आणि दुकानदाराला मागच्या वर्षीचा स्टॉक संपवायचा असतो. मग काउंटरवर ठरलेलं वाक्य येतं: "आय५ आहे, सोळा जीबी रॅम आहे, आरटीएक्स ग्राफिक्स आहे, डोळे झाकून घ्या." या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही तो लॅपटॉप तुमच्या कामाचा नसू शकतो. एकाच नावाच्या दोन ग्राफिक्स चिप वेगात कितीतरी मागेपुढे असतात आणि तो फरक स्टिकरवर कुठेच छापलेला नसतो.

बहुतेक जण आधी आकडा ठरवतात, समजा ७० हजार, आणि त्यात बसेल ते सगळ्यांत मोठ्या नावाचं मॉडेल उचलतात. खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे. आधी अभ्यासाची गरज, मग गेम, मग आतले भाग आणि त्यानंतर पैसे.

पायरी १: प्रवेश पक्का होईपर्यंत थांबा

बारावीचा निकाल लागला की बक्षीस म्हणून लगेच लॅपटॉप घेण्याची पद्धत आहे. पण पहिल्या राउंडला मेकॅनिकल मिळालं, बेटरमेंट घेतलं आणि तिसऱ्या राउंडला कॉम्प्युटर लागलं, असं दरवर्षी कितीतरी जणांचं होतं. या दोन शाखांना लागणारा लॅपटॉप वेगळा आहे. शिवाय घरून रोज जाऊन-येऊन करणार की हॉस्टेलला राहणार, हेही तेव्हाच ठरतं आणि वजन-बॅटरीचा सगळा हिशोब त्यावर असतो.

प्रवेश झाल्यावर त्याच शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि दोनच प्रश्न विचारा. कोणती सॉफ्टवेअर खरोखर वापरावी लागली? आणि लॅबमधल्या मशीनवर किती काम भागतं? कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या यादीपेक्षा ही उत्तरं जास्त उपयोगाची. पहिल्या सेमिस्टरला गणित, भौतिक-रसायन, इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि थोडं सी किंवा पायथन एवढंच असतं. ते कुठल्याही मशीनवर चालतं, त्यामुळे महिनाभर थांबल्याने अभ्यास बुडत नाही.

पायरी २: तुमच्या शाखेला खरोखर काय लागतं

कॉम्प्युटर, आयटी: यांना सगळ्यांत भारी लॅपटॉप लागतो असा सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात कोडिंगला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. लागते ती रॅम. अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा इम्युलेटर, ब्राउझरचे वीस टॅब आणि एखादं व्हर्च्युअल मशीन एकत्र उघडलं की ८ जीबी कधी संपतं ते कळत नाही. १६ जीबी ही सुरुवात समजा. मशीन लर्निंग शिकायचं असेल तर एनव्हिडियाचं कार्ड कामाला येतं, कारण या क्षेत्रातली बहुतेक साधनं कुडा या एनव्हिडियाच्याच तंत्रावर बसवलेली आहेत. पण विद्यार्थीदशेतले मॉडेल गूगल कोलॅबवर इंटरनेटवरून फुकट मिळणाऱ्या जीपीयूवरही (ग्राफिक्स चिपवर) चालतात. तेव्हा "एआयसाठी पाहिजे" या सबबीवर घरच्यांकडून ४० हजार जास्त काढणाऱ्यांनी निदान स्वतःशी खरं बोलावं: ते गेमसाठी आहे. त्यात काही गैर नाही.

मेकॅनिकल, सिव्हिल: सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, अँसिस, रेव्हिट, ऑटोकॅड. यातलं सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे मॅकबुकचा विषय इथेच संपतो. थ्रीडी मॉडेल फिरवायला वेगळं ग्राफिक्स कार्ड मदत करतं, पण पार्ट तयार होताना ताण येतो तो प्रोसेसरच्या एका कोअरच्या वेगावर. गेमिंग लॅपटॉप आणि मेकॅनिकलची गरज इथे छान जुळते. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना अधिकृतपणे मोफत मिळतात आणि अँसिसचीही मोफत विद्यार्थी आवृत्ती आहे. पेनड्राइव्हवरून क्रॅक केलेली प्रत टाकून नव्या मशीनमध्ये व्हायरस घेण्याची गरज नाही.

इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल: मॅटलॅब, प्रोटिअस, केल, व्हिवाडो. ग्राफिक्सची गरज जवळपास शून्य, पण व्हिवाडो डिस्कवर प्रचंड जागा खातं. एसएसडीचा, म्हणजे साठवणीच्या डिस्कचा विचार यांनी जास्त करावा.

आर्किटेक्चर: खरा भारी लॅपटॉप यांना लागतो. लुमियन, एन्स्केप, व्ही-रे ही रेंडरिंगची साधनं ग्राफिक्स कार्डाला गेमपेक्षाही जास्त राबवतात. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवणं वेगळं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री लुमियनमधून वॉकथ्रू काढणं वेगळं. इथे ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) आणि रंग नीट दाखवणारी स्क्रीन ही चैन म्हणता येणार नाही.

कॉमर्स, आर्ट्स, लॉ, मेडिकल: अभ्यासाला ४५-५० हजारांचा हलका लॅपटॉप पुरतो. टॅली विंडोजवरचं आहे, एवढं बीकॉमवाल्यांनी लक्षात ठेवावं. यांच्यासाठी गेमिंग लॅपटॉप हा निव्वळ गेमचा खर्च आहे आणि तसाच मोजावा.

पायरी ३: खेळणार काय, ते कागदावर लिहा

"गेमिंग" हा एकच शब्द फार वेगवेगळ्या गरजांना वापरला जातो. मित्रांसोबत संध्याकाळी व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्ट खेळणाऱ्याला फार मोठी चिप लागत नाही. व्हॅलोरंट तर मुळात साध्या मशीनवर चालावं म्हणूनच बनवलेलं आहे. जीटीए ५ हा गेम २०१५ मध्ये पीसीवर आला. आजच्या कुठल्याही गेमिंग लॅपटॉपला तो जड नाही. याउलट सायबरपंक २०७७ किंवा तशा नव्या, मोठ्या कथेच्या गेमांना चिपही मोठी लागते आणि व्हीरॅमही.

यादीतले सगळे गेम पहिल्या प्रकारातले असतील तर एक पर्याय फारसा कुणी सुचवत नाही: वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, पण चांगलं अंगभूत (प्रोसेसरमध्येच असलेलं) ग्राफिक्स असलेला हलका लॅपटॉप. एएमडीच्या रायझन ७ ७८४०एचएस किंवा ८८४५एचएसमधलं रेडिऑन ७८०एम हे ग्राफिक्स फुल एचडीवर व्हॅलोरंट आणि थोडी सेटिंग उतरवून जीटीए ५ व्यवस्थित चालवतं. दीड किलोच्या आसपासचं वजन, चांगली बॅटरी, लेक्चरमध्ये पंख्याचा आवाज नाही. अट एवढीच की रॅम दोन चॅनलमध्ये हवी. तिच्याबद्दल पुढे येतंच आहे.

मॅकबुकबद्दल एकदाच: व्हॅलोरंट मॅकवर नाही, काउंटर-स्ट्राइक २ नाही, जीटीए ५ नाही. कोडिंगला मशीन उत्तम, गेमसाठी घेऊ नका.

पायरी ४: ग्राफिक्स कार्ड, म्हणजे नाव, वॅट आणि व्हीरॅम

सगळ्यांत जास्त पैसे इथे जातात आणि फसगतही इथेच होते.

नावापासून सुरुवात करू. एनव्हिडियाच्या नावात पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन दर्जा. आरटीएक्स ४०५० म्हणजे चाळीसच्या पिढीतली पन्नास दर्जाची चिप. २०२३ मध्ये ४० ची पिढी लॅपटॉपमध्ये आली, २०२५ मध्ये ५० ची. दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी दिसतील. आरटीएक्स २०५० नावाचंही एक कार्ड स्वस्त लॅपटॉपमध्ये असतं. ४ जीबी व्हीरॅम आणि अरुंद मेमरी बस, त्यामुळे "आरटीएक्स" या अक्षरांपलीकडे त्यात फार दम नाही. फक्त हलके गेम खेळायचे असतील आणि किंमत खरोखर कमी असेल, तरच त्याच्याकडे बघा.

आता वॅट. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपला किती वीज द्यायची हे एनव्हिडिया ठरवत नाही, लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आरटीएक्स ४०५० आणि ४०६० या दोन्हींसाठी एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅट अशी ऐसपैस मर्यादा दिली आहे. म्हणजे पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं ४५ वॅटचं ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं ११५ वॅटचं ४०६० यांचं नाव एक, पण वेग वेगळा. कमी वॅटचं ४०६० हे पूर्ण वॅटच्या ४०५० च्या बरोबरीला येऊन थांबतं आणि कधी मागेही पडतं. पैसे मात्र वरच्या दर्जाचे गेलेले असतात.

हा आकडा टीजीपी या नावाने शोधा. कंपनीच्या वेबसाइटवर त्या नेमक्या मॉडेलच्या तपशीलपत्रात तो बहुधा असतो. खरेदीच्या साइटवर क्वचित सापडतो. तिथे नसेल तर त्या मॉडेलचं नाव घालून यूट्यूबवर चाचणी बघा. आणि मशीन हातात आल्यावर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की ग्राफिक्स पॉवरचा आकडा समोर येतो. माझा साधा नियम: ४०५० किंवा त्यावरच्या कार्डाला ८० वॅटपेक्षा कमी दिलेले असतील, तर तो लॅपटॉप पातळपणासाठी घ्यायचा, गेमसाठी नाही.

तिसरी गोष्ट व्हीरॅम. ही कार्डाची स्वतःची मेमरी, नंतर वाढवता येत नाही. ३०५० जुन्या रूपात ४ जीबी आणि नंतरच्या रूपात ६ जीबी, ४०५० मध्ये ६, ४०६० मध्ये ८, ५०५० आणि ५०६० मध्येही ८. आजच्या नव्या गेममध्ये ४ जीबी पहिल्याच दिवशी अपुरं पडतं. सहावर टेक्स्चर मध्यम ठेवून भागतं. चार वर्षं वापरायचा असेल आणि बजेट ताणता येत असेल तर ते ८ जीबीसाठी ताणा, प्रोसेसर आय५ चा आय७ करण्यासाठी नको. दुकानात आय७ आणि ३०५० अशी जोडी पुष्कळ दिसते, कारण आय७ हे नाव वडिलांना ओळखीचं असतं. त्याच पैशांत आय५ आणि ४०५० मिळत असेल तर गेमसाठी दुसरी जोडी सरस.

तपशीलपत्रात मक्स स्विच आहे का तेही बघा. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचं चित्र मधल्या अंगभूत ग्राफिक्समधून न जाता थेट स्क्रीनवर जातं आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) काही प्रमाणात वाढतात. नसला तर अडून बसण्याइतकं ते महत्त्वाचं नाही.

पायरी ५: प्रोसेसर

इथे फार वेळ घालवू नका, फक्त नाव वाचायला शिका. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा: यू म्हणजे कमी विजेचा, एच म्हणजे ताकदीचा, एचएक्स म्हणजे त्याहून ताकदीचा आणि बॅटरी पिणारा. आय५ १२४५०एच, आय५ १३४२०एच आणि नव्या नावाचा कोअर ५ २१०एच हे तिन्ही आठ कोअरचे आहेत आणि रचनेने एकाच घराण्यातले. "लेटेस्ट २०२५ प्रोसेसर" म्हणून जास्तीचे पैसे मागितले तर हे लक्षात ठेवा.

एएमडीची गंमत याहून मोठी. ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा खरी रचना सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २, मूळ २०१९ ची रचना. ७५३५एचएस मध्ये ३, ७८४०एचएस मध्ये ४. पहिला ७ बघून सगळे एकाच वयाचे समजू नका. ४०५० किंवा ४०६० च्या जोडीला सहा-आठ कोअरचा, एच किंवा एचएस अक्षराचा कुठलाही प्रोसेसर चार वर्षं पुरतो.

पायरी ६: रॅम आणि एसएसडी

१६ जीबी हवी हे आता सगळे सांगतात. ती १६ जीबी कशी बसवली आहे, ते कुणी सांगत नाही. एका स्लॉटमध्ये १६ ची एकच पट्टी असेल तर रॅम एकाच चॅनलवर चालते. दोन स्लॉटमध्ये ८-८ असेल तर दोन चॅनलवर, आणि गेममध्ये फ्रेम वाढतात. अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना तर हा फरक डोळ्यांना दिसतो. एकच पट्टी असली तरी दुसरा स्लॉट मोकळा असेल तर बिघडत नाही, नंतर भर घालता येते. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असून स्लॉट नसेल तर मात्र जी आहे तीच शेवटपर्यंत. पातळ लॅपटॉपमध्ये हे सर्रास असतं.

पूर्वी मी ८ जीबीचं मशीन घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वतंत्र पट्टी टाकायला सांगायचो, पैसे वाचायचे. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीचे भाव इतके चढले की तो हिशोब आता मांडून बघावा लागतो. १६ जीबीचं मॉडेल थोड्या जास्तीत मिळत असेल तर तेच घ्या. पट्टी घ्यायचीच असेल तर डीडीआर४ की डीडीआर५ ते आधी बघा, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबीच दिसते. त्यात विंडोज, शाखेची सॉफ्टवेअर आणि दोन गेम आले की झालं: रेड डेड रिडेम्प्शन २ साठी कंपनीच १५० जीबी जागा सांगते, जीटीए ५ शंभराच्या आसपास. १ टीबी मिळाली तर उत्तम. नाहीतर एसएसडीसाठी एम.२ चा दुसरा मोकळा स्लॉट असलेलं मॉडेल निवडा आणि वर्षभराने भर घाला.

पायरी ७: स्क्रीन

चार वर्षं रोज जिच्याकडे बघायचं ती वस्तू, आणि खर्च वाचवायला कंपन्या नेमकी तीच कापतात. जाहिरातीत १४४ हर्ट्झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा) मोठ्या अक्षरांत असतं, रंगांचा आकडा नसतो. एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांची मापं. तपशीलपत्रात "४५ टक्के एनटीएससी" दिसलं तर समजा की रंग फिके, एसआरजीबीच्या साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंतच पोचणारे. "१०० टक्के एसआरजीबी" दिसलं तर चांगलं. नुसत्या कोडिंगला आणि व्हॅलोरंटला ४५ टक्के चालून जातं. आर्किटेक्चर, फोटो किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी ते घेऊच नये. उजेड किमान ३०० निट्स हवा. २५० निट्सची स्क्रीन खिडकीजवळच्या बाकावर दुपारी आरशासारखी होते. १६:१० प्रमाणाची स्क्रीन मिळाली तर कोडच्या आणि पीडीएफच्या चार ओळी जास्त दिसतात.

पायरी ८: वजन, बॅटरी, उष्णता, हॉस्टेल

गेमिंग लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोचा असतो. त्याचा चार्जर आणखी अर्धा किलो किंवा जास्त. लोकलने किंवा एसटीने रोज ये-जा करणाऱ्याने हे वजन दुकानात हातात घेऊन बघावं, नुसतं आकड्यात नाही. साध्या वापराला बॅटरी चार-पाच तास मिळाली तरी समाधान माना. गेम बॅटरीवर खेळायचाच नसतो, वीज काढली की कार्डाचा वेग जाणूनबुजून उतरवला जातो. बॅटरी वॅट-अवरमध्ये मोजतात. ५० च्या आसपासची टाळा, ६० च्या पुढची बघा. टाइप-सीने चार्ज होत असेल तर फार सोय: कॉलेजला १०० वॅटचा छोटा चार्जर न्यायचा, मोठी वीट खोलीवरच.

हॉस्टेलवाल्यांना नेहमी पडणारी शंका: २३० वॅटचा चार्जर साध्या प्लगवर चालेल का? चालेल. आपल्या २३० व्होल्टवर तो साधारण एक अँपिअर ओढतो, ६ अँपिअरचा सॉकेट पुरेसा आहे. मात्र चार जणांचे चार चार्जर, इस्त्री आणि केटल एकाच स्वस्त एक्स्टेन्शनवर लावू नका. फ्यूज आणि सर्ज प्रोटेक्शन असलेला बोर्ड वेगळा घ्या.

उन्हाळ्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली की स्वतःचा वेग कमी करते आणि खोलीची हवाच इतकी तापलेली असेल तर ती तिथे लवकर पोचते. म्हणून आपल्याकडे जाड, मागून आणि बाजूंनी हवा सोडणारा लॅपटॉप पातळ लॅपटॉपपेक्षा नेहमीच शहाणपणाचा. गादीवर ठेवून खेळू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. कूलिंग पॅडवर हजारभर घालवण्याआधी मागची बाजू दोन बोटं उंच करून बघा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. फ्रेमला १४४ ऐवजी ९० ची मर्यादा घातली तरी पंखा आणि रूममेट दोघेही शांत होतात.

घरीच राहून शिकणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे: गेमसाठी डेस्कटॉप आणि कॉलेजला नेण्यासाठी जुना, रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप. दोन्ही मिळून खर्च एका चांगल्या गेमिंग लॅपटॉपच्या जवळपास जातो, पण डेस्कटॉपचा प्रत्येक भाग नंतर बदलता येतो. रिफर्बिश्ड घेताना तो विंडोज ११ ला पात्र आहे ना, ते तपासा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

पायरी ९: पैसे, वेळ, दुकान

भाव आठवड्याला हलतात, म्हणून ढोबळच सांगतो. ६०-६५ हजारांच्या आसपास ३०५० ची मशीन, ७५ ते ८५ मध्ये ४०५०, लाखाच्या आगेमागे ४०६० किंवा ५०६०. ६० च्या आत वेगळं ग्राफिक्स कार्ड शोधण्यापेक्षा चांगलं अंगभूत ग्राफिक्स बघा. लेनोवो एलओक्यू, एचपी व्हिक्टस, असुस टफ, एसर नायट्रो या मालिका याच पट्ट्यातल्या. त्यांच्यात "कुठली कंपनी चांगली" हा वाद निरर्थक आहे, कारण एकाच मालिकेत चांगली आणि वाईट अशी दोन्ही मॉडेल असतात. नावापुढचा लांबलचक मॉडेल नंबर उतरवून घ्या आणि तोच शोधा. एका अक्षराच्या फरकाने स्क्रीन किंवा रॅम बदलते.

कंपनीपेक्षा सर्व्हिस सेंटर बघा. परभणी किंवा सिंधुदुर्गात राहणाऱ्याला मशीन दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईला पाठवावं लागणार असेल तर ऑनसाइट वॉरंटी असलेलंच घ्यावं. तंत्रज्ञ तुमच्या पिनकोडला येतो का, हे कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी विचारा. हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी पडणं-सांडणं धरणारी अपघाती नुकसानीची वॉरंटी खरोखर उपयोगी. चहा सांडणे साध्या वॉरंटीत बसत नाही.

जुलै-ऑगस्टचे सेल आणि नवरात्र-दिवाळीचे सेल या दोन वेळा बऱ्या. ऑनलाइन भाव बँकेच्या कार्डावरच्या सवलतीमुळे कमी दिसतो. ते कार्ड घरात नसेल तर खरा भाव तो नाही. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी लागते, म्हणजे अगदी फुकट तेही नसतं. ऑनलाइन भावाचा स्क्रीनशॉट घेऊन लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावच्या डीलरकडे जा. पुष्कळदा तो भाव जुळवतो, वर बॅग-माऊस देतो आणि अडचण आली तर समोर माणूस असतो. पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर. बिलाशिवाय दोन हजार कमी, हा सौदा करू नका.

शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर अर्जातच लॅपटॉपचं कोटेशन जोडा. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक संगणकाची वाजवी किंमत धरली जाते. नंतर वेगळं मागायला गेलं की अवघड पडतं.

पायरी १०: बॉक्स उघडल्यावर पहिला आठवडा

बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा, लेबलवरचा सीरियल नंबर दिसेल असा, मध्ये न थांबवता. तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दाखवतात ते बघा. चार महिने आधीची तारीख दिसली तर बिल दाखवून लगेच दुरुस्त करून घ्या, किंवा मशीनच बदलून मागा.

त्यानंतर स्क्रीनवर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग पूर्ण भरून मेलेले पिक्सेल शोधा. अंधारात काळ्या रंगावर कडांतून उजेड किती फुटतो ते बघा. प्रत्येक की दाबा, प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह घाला, झाकण वीसेक वेळा उघडा-मिटा आणि बिजागरीतून करकर येते का ऐका. टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती स्लॉटमध्ये आहे ते दिसतं. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. नव्या मशीनमध्ये त्या जवळपास सारख्या हव्यात. मग विंडोज आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करून तुमच्या यादीतला सगळ्यांत जड गेम सलग तासभर चालवा. मध्येच बंद पडणं, स्क्रीनवर पट्टे येणं, चार्जर लावूनही बॅटरी उतरत जाणं ही लक्षणं बदलून मागण्यालायक आहेत. पंख्याचा आवाज आणि तापलेला कीबोर्ड नाहीत.

हे सगळं बदलून देण्याच्या मुदतीत करा. बऱ्याच साइटवर लॅपटॉपचे पैसे परत मिळत नाहीत, दुसरा नग मिळतो, तोही कंपनीच्या तंत्रज्ञाने दोष मान्य केल्यावर. विक्रेता टोलवाटोलवी करू लागला तर व्हिडिओ, बिल आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला तक्रार नोंदवा. फोन मोफत आहे. तपासणीत सगळं ठीक निघालं तर कंपनीच्या अॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा, कारण हा लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरलाच जोडलेला असणार, आणि बिलाची एक प्रत स्वतःला ईमेल करून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल वॉरंटी संपायच्या आत पुसट होतं.